सही जुळत नाही

आमच्या शाखेच्या भिंतीवर
पाणी जिथवर चढलं होतं ती रेघ
रंगाऱ्यानं दोनदा पुसली, दोनदा वर आली.
मग सुलभा मॅडम म्हणाल्या, राहू दे,
कॅलेंडर तेवढं तिच्या वर लावा.

मी कॅशियर. शुक्रवार पेठ शाखा, काउंटर दोन.
नवव्या दिवशी शटर वर ढकललं तेव्हा
खुर्च्या गाळात पालथ्या,
दारातच एक पितळी बिल्ला, सत्तावीस नंबर,
कुणी रांगेतून पाणी प्यायला उठावं
आणि जागा धरून ठेवावी, तसा.

नोटा दोरीवर वाळत घातल्या.
चिमटे माझ्या घरचे, इस्त्री तातोबा शिपायाची.
शंभराच्या नोटेला रेशमाएवढाच ताप लागतो,
जास्त झाला की कडा आवळते.
हे कुठल्याच परिपत्रकात नाही.

वीज नव्हती. संगणक तिरडीसारखे बाहेर मांडलेले.
तेव्हा मुलीची शंभर पानी वही आणली,
पहिल्या पानावर तिचं नाव, पाचवी ब,
दुसऱ्यापासून बँक सुरू.
पाच हजारांपर्यंत. ओळखीवर.

हौसाक्का आवळे आल्या.
कातडं फुगून गेलेलं, फर्मे वाहून गेलेले,
पायांत कुणाच्या तरी रबरी सपाता.
बॅटरीवरच्या यंत्रावर अंगठा टेकवला.
आठ दिवस गाळ उपसून बोटांचं मनुकं झालेलं.
यंत्र म्हणालं, ही बाई ती नव्हे.
पुन्हा टेकवला. नव्हे.
मॅडम केबिनमधून आल्या, साडी पोटरीपर्यंत खोचलेली,
"माझ्या लग्नातल्या चपला यांच्या हातच्या आहेत.
लिहा."
मी लिहिलं.

दस्तगीर बागवान यांची सही जुळेना.
कार्डावरची ऐटीत, शेपूट वर उडवलेली,
चिठ्ठीवरची चिखलात घसरलेली.
म्हटलं, चाचा, जरा सावकाश करा.
म्हणाले, "ती घरात बसून केल्याली, साहेब."
आणि पेन माझ्याकडं परत सरकवलं.

भूपाल चौगुल्यांचं लेथ मशिन अजून बुडालेलंच.
तीन हप्ते पुढं ढकलले,
व्याज ढकलायचा अधिकार आम्हाला नव्हता,
ते मी टेबलाकडं बघत सांगितलं.
ते हसले. "असू द्या.
व्याजाला पवता येतंय, मला ठावं हाय."
रांग हसली. मलाही हसू आलं,
मग दिवसभर ते घशाशी राहिलं.

सगळंच काही जमलं नाही.
लॉकर एक्केचाळीसमध्ये सोनं नव्हतं,
एक पाकीट होतं, पाकिटात एक फोटो.
निंबाळकर आजोबांसमोर आम्ही तो पुठ्ठ्यावर सुकवला,
तातोबा वहीनं वारा घालत राहिला.
फोटो सुकला. कोरा.
नियमाप्रमाणे आम्ही जबाबदार नव्हतो.
आजोबांनी तो परत लॉकरमध्ये ठेवला,
भाडं अजून भरतात.

पुढच्या जूनमध्ये ऑडिटर आला. पुण्याचा, पोरसवदा.
वही बोटाच्या टोकांनी उलटली,
गाळाचा वास पंख्याबरोबर फिरला.
"ही सही कुठंय? हा कोण, 'बर्फवाल्याचा धाकटा'?
तारण काय घेतलं?"
मॅडमनी चहा मागवला.
त्यानं प्यायला, आणि शेरा मारायचा तो मारलाच.
मॅडमची बढती त्या वर्षी हुकली.

तीनशे बारा नावं. हिशेब जवळजवळ जुळला.
दोघांचं येणं राहिलंय,
त्यातला एक वारला, एक इचलकरंजीला गेला म्हणतात.
आणि चारशे रुपये जास्त आलेत.
कुणी भरले कळत नाही.
वहीत नाव नाही, पावतीला सही नाही,
नोटा होत्या इस्त्री केलेल्या.

ठेवीत बसत नाहीत, वसुलीत बसत नाहीत.
दर एकतीस मार्चला, सगळे घरी गेल्यावर,
मी ते अनामत खात्यात
एक वर्ष पुढं ओढतो.